‘तो चावत नाही हो, डॉक्टर’

प्राण्यांच्या दवाखान्यात सुई डॉक्टरांच्या हातात असते आणि तोंड मदतनिसाच्या. त्यामुळे चावा कोणाला बसतो हे वेगळं सांगायला नको. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तो परिचर किंवा व्रणोपचारक (ड्रेसर) असतो. खासगी क्लिनिकमध्ये अटेंडंट असतो, ज्याचं वय पंचेचाळीस झालं तरी त्याला ‘मुलगा’च म्हणतात. ग्रूमिंग करणारी ताई, नसबंदी केंद्रावर पिंजरे धुणारा, नुकतीच इंटर्नशिपला लागलेली विद्यार्थिनी, हे सगळे त्याच रांगेतले. डॉक्टरांनी रेबीजची लस बहुधा कॉलेजात असतानाच घेतलेली असते. तोंड धरणाऱ्याने घेतली आहे का, हे एकदा विचारून पाहा. ‘चावला की घेऊ ना’ हे उत्तर फार ठिकाणी मिळेल.

चावे रागीट कुत्र्याचेच जास्त बसतात असा समज आहे. रागीट कुत्रा दारातूनच कळतो, सगळे सावध होतात, तोंड बांधलं जातं. गफलत होते ती घरच्या लाडक्यापाशी. मालक म्हणतात, ‘तो चावत नाही हो, डॉक्टर, घरात लहान मूल आहे.’ खोटं नसतं ते. पण घरातला कुत्रा आणि स्टीलच्या घसरड्या टेबलावर, फिनाईलच्या वासात, कानात आधीच ठणका असलेला कुत्रा हे दोन वेगळे प्राणी आहेत. टेबलावर साधा रबरी मॅट टाकला तरी फरक पडतो. पाय घसरत असले की कुत्रा आधी आधार शोधतो, मग घाबरतो आणि मग दात वापरतो.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला ओरडून गप्प करणं ही आपल्याकडची जुनी खोड. गुरगुर ही सूचना असते, ती बंद पाडली तर पुढचा चावा बिनसूचनेचा बसतो. त्याहून धोक्याची असते ती अचानक आलेली शांतता. हापणारं तोंड एकदम मिटतं, अंग लाकडासारखं ताठ होतं, मान न वळवता फक्त डोळा तुमच्या हाताकडे वळतो आणि त्याचा पांढरा भाग दिसू लागतो. ‘बघा, झाला शांत’ असं मालक म्हणतात तो नेमका हाच क्षण. इथे हात मागे घ्यायचा, एक मिनिट थांबायचं आणि तोंड बांधायचं.

नखं कापणं, कान तपासणं, गुदग्रंथी पिळणं, पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त घेणं: नेहमीची हीच कामं, आणि चावेही इथलेच. त्यातलं रक्त काढण्याचं काम जवळून पाहू. डॉक्टर समोर. धरणारा कुत्र्याच्या दुसऱ्या बाजूला उभा, एक हात मानेखालून घेऊन डोकं आपल्या खांद्याकडे वळवून धरलेलं, दुसऱ्या हाताच्या तळव्याने कोपर मागून रेटलेलं आणि अंगठ्याने शीर दाबून किंचित बाहेरच्या बाजूला फिरवलेली. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. पुढे दोन चुका होतात. पहिली म्हणजे धरणाऱ्याची नजर सुईवर जाते. रक्त येतंय का हे बघणं डॉक्टरांचं काम आहे, धरणाऱ्याने कुत्र्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही. दुसरी चूक काम संपताना होते. सुई निघाली की दोघंही सैलावतात, डोक्यावरची पकड आधी सुटते आणि कापूस दाबायला वाकलेल्या माणसाच्या मनगटाला दात लागतात. क्रम उलटा हवा. सुई बाहेर, कापूस जागेवर, सिरिंज ट्रेमध्ये, डॉक्टर एक पाऊल मागे, मग तोंडाने मोठ्याने ‘सोड’, आणि डोकं सगळ्यात शेवटी. ‘सोड’ हा शब्द उच्चारायचाच, मानेने खुणावून चालत नाही.

मालकाला डोकं धरायला लावू नये. त्याला स्वतःच्या कुत्र्याशी कठोर होता येत नाही, तो ऐनवेळी पकड सोडतो, आणि त्यालाच चावा बसला तर जबाबदारी दवाखान्याची. त्याने समोर, दोन हातांच्या अंतरावर उभं राहून बोलत राहावं.

तोंड बांधायची पट्टी

तयार नायलॉनचे मझल मापाचे असले तर उत्तम, पण दवाखान्यात नेमकं हवं ते माप धुवायला गेलेलं असतं. दोन इंची गॉज बँडेज मात्र कायम असतं. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी सव्वा मीटरचा तुकडा पुरतो. पट्टी दुहेरी करा, नाहीतर ताण पडला की ती दोरीसारखी वळते आणि कातडीत रुतते. मधोमध एक सैल अर्धी गाठ मारून तोंडाच्या दुप्पट मोठा फास करा. तो समोरून नेऊ नका, समोरून येणाऱ्या हातावरच कुत्रा झडप घालतो. डोक्याच्या मागून, बाजूने आणा आणि नाक व डोळे यांच्या मधल्या भागावर टाकून झटकन आवळा. पहिली गाठ नाकाच्या वर. मग दोन्ही टोकं जबड्याखाली नेऊन तिथे दुसरी, आणि शेवटी कानांच्या मागे घेऊन सुरगाठ. तिथे निरगाठ मारू नका. कुत्र्याला उलटी झाली किंवा जीभ निळी पडू लागली तर पट्टी एका ओढीत सुटली पाहिजे, कात्री शोधायला वेळ नसतो.

ही पट्टी काही मिनिटांपुरतीच. कुत्रा हापून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. तोंड घट्ट बांधलेला कुत्रा मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटं झटापट करत राहिला तर उष्माघाताने जाऊ शकतो. जास्त वेळ लागणार असेल तर जाळीदार, टोपलीसारखं मझल वापरा, त्यातून तोंड उघडता येतं, पाणीही पिता येतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला पट्टी बसतच नाही, आणि बसवली तर श्वास कोंडतो. तिथे जाडसर टॉवेलची गुंडाळी गळ्याभोवती घेऊन मागून धरावी, म्हणजे मान वळत नाही.

मांजर

मांजराच्या बाबतीत आपल्याकडे अडचण दारापासून सुरू होते. बाजारच्या पिशवीतून, भाजीच्या प्लास्टिक क्रेटवर दोरी बांधून, कधी नुसत्या ओढणीत गुंडाळून मांजर येते. पिशवीत हात घालून मांजर काढायची नाही, कधीच. पिशवी टेबलावर आडवी ठेवायची, तोंड मोकळं करायचं आणि तिला स्वतः बाहेर येऊ द्यायचं. त्याआधी दार, खिडकी, आणि आठवणीने छताचा पंखा बंद. कॅरियर असेल तर समोरच्या दारातून ओढण्यापेक्षा वरचं झाकण स्क्रू काढून उचला. मांजर खालच्या अर्ध्या भागात बसलेली असतानाच निम्मी तपासणी उरकते.

मानगुटीला धरून लोंबकळत उचलायची पद्धत अजून चालू आहे. पिल्लाला आई तसं उचलते म्हणून मोठ्या मांजरालाही चालतं, हा तर्क खोटा. मोठी मांजर त्यात घाबरते आणि मागच्या पायांची नखं धरणाऱ्याच्या हाताला लागतात. टॉवेलची घट्ट गुंडाळी करावी आणि ज्या अवयवाचं काम आहे तेवढाच बाहेर घ्यावा. कातडी हातमोज्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मांजरीचा सुळा ते भेदतो, कुत्र्याचा जबडा त्यांच्यासकट बोट चिरडतो, आणि हाताला अंदाज न राहिल्याने माणूस प्राण्याला गरजेपेक्षा जास्त आवळतो. मांजर सुटलीच तर मागे धावू नये. ती कपाटाच्या मागे जाऊन बसेल, दहा मिनिटांनी टॉवेल टाकून घेता येईल. हवेत झेलायला गेलेल्या हातालाच चावा बसतो.

नेहमी त्रास देणाऱ्या मांजरीला घरून निघण्याआधी दोन-तीन तास गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. मोठ्या मांजरीला साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम, किडनीचा आजार असेल तर कमी, आणि अर्थात डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. औषधाच्या दुकानात मात्र घोळ होतो. माणसांसाठीची ही गोळी आपल्याकडे बऱ्याचदा नॉर्ट्रिप्टिलिन किंवा मिथाइलकोबालामिनसोबत मिळते, आणि दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून ती देतो. चिठ्ठीवर ‘फक्त गॅबापेंटिन, इतर काही मिसळलेलं नको’ असं मराठीत लिहून द्यावं. कुत्र्याला यातलं पातळ औषध देऊ नये, काही सिरपमध्ये झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे.

भूल दिलेला प्राणी

झायलाझीन हे गुंगीचं औषध टोचलेला कुत्रा निपचित पडतो. जीभ बाहेर, डोळे अर्धवट. त्याला पूर्ण बेशुद्ध समजू नका. या गटातल्या औषधांखाली गेलेला प्राणी ट्रे पडल्याच्या आवाजाने किंवा दुखऱ्या जागी हात लागल्याने क्षणभर पूर्ण जागा होतो, नेमका चावतो आणि परत झोपतो. म्हणून औषध दिल्यावर खोलीत शांतता, आणि तोंड बांधायचं राहिलं असेल तर ते आत्ता. शस्त्रक्रिया संपताना श्वासनलिकेतली नळी काढण्याची वेळही तशीच. प्राणी गिळू लागला की नळी काढायची असते, म्हणजे जबडा जागा होत असतो. नळीची बांधलेली दोरी आधीच सोडून ठेवावी, नळीभोवतीच्या फुग्यातली (कफमधली) हवा काढून घ्यावी, आणि बोटं दातांच्या मध्ये न घालता नळी बाहेरच्या टोकाला धरून ओढावी. झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात जीभ धरायला हात घालणारे अजून भेटतात. कुत्रा जीभ गिळत नाही. त्याचं डोकं आपटणार नाही एवढं बघायचं.

‘घशात काहीतरी अडकलंय’

चाव्यांबद्दल लिहिताना ज्यात चावाच नसतो तो प्रकार राहून जातो, आणि ग्रामीण महाराष्ट्रात तोही धोक्याचा आहे. गाय किंवा म्हैस दोन दिवस चारा खात नाही, लाळ गळतेय, घोगरा हंबरतेय. शेतकरी म्हणतो, आंब्याची कोय नाहीतर उसाचं कांडं अडकलं असेल. त्याने स्वतः हात घालून पाहिलेला असतो, मग शेजाऱ्याने, मग पशुधन पर्यवेक्षकाने. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात म्हणून गिळता येत नाही, आणि ते बाहेरून हुबेहूब घशात अडकल्यासारखं दिसतं. कुत्र्यातही तसंच. खालचा जबडा लोंबतो, आवाज बदलतो, मालक सांगतो ‘हाड अडकलंय’. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि पिल्लू म्हणून सगळे त्याला उघड्या हातांनी हाताळतात.

म्हणून लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या कुठल्याही जनावराच्या तोंडात उघडा हात नको. आधी विचारा: गेल्या काही महिन्यांत कुत्रा चावला होता का, गोठ्यात कुत्र्यांची झुंज झाली होती का? मग मागून बघा. शेण पडत नसताना सतत कुंथणं, मागचे पाय लडबडणं, आवाज न थांबता घोगरा होत जाणं, कुंपणाला, खांबाला डोकं मारणं, यातलं काहीही असेल तर तपासणी तिथेच थांबवा. तोंडात बघणं गरजेचंच असेल तर कोपरापर्यंतचे लांब हातमोजे, त्यावर दुसरे, डोळ्यांना चष्मा आणि जबड्यात गॅग (तोंड उघडं ठेवणारं साधन). संशय पक्का झाला तर हात घातलेल्या प्रत्येकाची नावं लिहून घ्या, घरच्या बाईंसकट. नाळ्याने काढा पाजणारी बहुधा तीच असते. दूध प्यायलेल्यांची मात्र धावपळ करू नये. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. कच्चं दूध तेवढं कुणी घेऊ नये.

लाळ अखंड कातडीवर पडली तर ती धुऊन टाकली की झालं, लसीची गरज नसते. पण दवाखान्यात काम करणाऱ्याची कातडी अखंड असते कुठे? हायपोक्लोराइट, फिनाईल आणि दिवसभरचं हात धुणं यांनी बोटांच्या पेरांवर भेगा असतातच. खात्री नसेल तर हात नीट धुतल्यावर त्या जागेवर स्पिरिटचा बोळा फिरवा. झोंबलं तर कातडी फाटलेली आहे असं धरून चाला. डोळ्यात किंवा ओठांवर लाळ उडाली असेल तर ती सर्वांत वरच्या, तिसऱ्या वर्गातली बाधा मानतात, रक्त आलेल्या चाव्याइतकीच.

चावल्यानंतरचा पहिला अर्धा तास

दात रुतलेले असताना हात हिसडू नका. हिसड्याने भोकाची चीर होते. दुसऱ्याने प्राण्याचं डोकं स्थिर करावं, कुत्रा असेल तर मागून पट्टा पिळून धरावा, जबडा सैल पडतो. हात सुटला की प्राणी पिंजऱ्यात, आणि ते काम दुसऱ्याचं. चावा बसलेल्याने थेट नळ गाठायचा.

अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा. तासाभरात बोट सुजतं आणि मग अंगठी कापावी लागते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं. ही १५ मिनिटं घड्याळ लावून मोजायची, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत थांबतो. रेबीजच्या विषाणूवर मेदाचं आवरण असतं, साबण ते फोडतो. म्हणून या धुण्याला लसीइतकंच महत्त्व आहे. कुत्र्याची जखम रुंद असते, तिच्यात पाणी जातं. मांजरीच्या सुळ्याचं भोक टाचणीएवढं, ते वरून लगेच मिटतं. तिथे २० मिलिलिटरच्या सिरिंजला सुई काढलेली प्लास्टिक कॅन्युला लावून सलाइनचा झोत भोकाच्या तोंडावर मारत राहा, दोनशे-अडीचशे मिलिलिटर तरी. कॅन्युला आत खुपसून दाबाने भरायचं नाही, त्याने घाण खोल जाते. मग पोव्हिडोन आयोडीन.

हळद, चुना, मिरची नको हे दवाखान्यातल्या लोकांना माहीत असतं. त्यांची चूक वेगळी असते. शेल्फवरचा जनावरांच्या जखमांचा चंदेरी किंवा जांभळा फवारा मारून ते कामाला लागतात. तो फवारा जखम झाकतो आणि पुढे डॉक्टरला लालसरपणा दिसत नाही. टाके हवे असतील तर ते माणसांचा डॉक्टर ठरवेल. चाव्याची जखम शक्यतो उघडी ठेवतात, आणि शिवायचीच वेळ आली तर आधी रेबीजविरोधी प्रतिद्रव्याचं (तयार अँटिबॉडीचं) इंजेक्शन, मग सैल टाके. दवाखान्यातल्या दवाखान्यात एकमेकांना टाके घालणं बंद व्हायला हवं.

छोटं भोक, मोठा त्रास

कुत्र्याचा चावा भयंकर दिसतो, लोक घाबरून हॉस्पिटलात जातात. मांजरीचा चावा दिसत नाही, म्हणून सोडून दिला जातो, आणि पिकतो तो हाच. तिचे सुळे बारीक, लांब, अणकुचीदार. ते बोटाच्या सांध्यात किंवा स्नायुबंधाच्या (टेंडनच्या) आवरणात जंतू सोडून बाहेर येतात आणि वरचं भोक बंद होतं. पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू बहुतेक निरोगी मांजरांच्या तोंडात असतो. तो फार झपाट्याने वाढतो: सकाळी चावा, संध्याकाळी ठणका, दुसऱ्या दिवशी हात लाल आणि गरम. चोवीस तासांच्या आत सूज चढली तर आधी त्याचाच संशय घ्यायचा.

इथे पशुवैद्यांचं स्वतःचं डॉक्टरपण आडवं येतं. शेल्फवर सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक असतं, ते सुरू केलं जातं. सेफॅलेक्सिन, एरिथ्रोमायसिन किंवा नुसतं क्लिंडामायसिन या जंतूवर भरवशाचं नाही. चाव्यासाठी पहिली पसंती अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडची. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर पर्याय डॉक्टर निवडतील. हाताला मांजर चावली असेल तर लाली येण्याची वाट न बघता प्रतिजैविक सुरू करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो, आणि तो योग्य आहे.

बोट पाहताना चार गोष्टी बघायच्या. ते आपोआप थोडं वाकलेलं राहतं का. एका जागी न सुजता पूर्ण लांबीत सुजलं आहे का. तळव्याच्या बाजूने स्नायुबंधाच्या रेषेवर दाबलं तर दुखतं का. आणि दुसऱ्याने टोक धरून हळूच सरळ केलं की कळ जाते का. यांना कॅनाव्हेलची लक्षणं म्हणतात. यातली शेवटची बहुधा सर्वांत आधी दिसते. ती दिसली तर गोळ्या घेऊन घरी बसायचं नाही. त्याच रात्री हाताच्या शल्यचिकित्सकाकडे जायचं, कारण आवरणात पू साचला तर ते उघडून धुवावं लागतं आणि उशीर झाला तर बोट कायमचं ताठ राहतं. प्लीहा काढलेली, मधुमेह असलेली, यकृताचा आजार असलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारी व्यक्ती दवाखान्यात काम करत असेल तर तिच्यासाठी छोटासा चावाही तातडीचा. कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा हा जंतू अशांमध्ये थेट रक्तात उतरतो.

धनुर्वाताची लस शेवटची घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर एक डोस. उंदीर आणि सशाच्या चाव्याला रेबीजची लस सहसा लागत नाही, जखम धुणं आणि ताप येतो का यावर लक्ष ठेवणं पुरतं. माकडाच्या चाव्याला लागते.

रेबीज: आधीची आणि नंतरची लस

आधी घ्यायच्या लसीचे तीन डोस: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. दंडात, कमरेत कधीही नाही. कातडीत देण्याच्या पद्धतीत एका वेळी फक्त ०.१ मिलिलिटर लागतं. म्हणजे एकच कुपी उघडली तर चार-पाच जणांचं काम भागतं, मात्र कालवलेली कुपी थंड ठेवून सहा-आठ तासांतच संपवावी लागते. तेव्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी, कातडीत टोचण्याचा सराव असलेल्या केंद्रावर नेलं तर खर्च फार कमी होतो. सुई नीट कातडीत गेली की संत्र्याच्या सालीसारखा छोटा फुगवटा येतो. तो नाही आला तर डोस खाली गेला, दुसऱ्या जागी परत द्यायचा. क्लोरोक्विनसारख्या गोळ्या चालू असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना स्नायूतच द्यावी.

हे तीन डोस झालेले असले तर पुढे चावा बसल्यावर फक्त दोन लागतात, ० आणि ३ ऱ्या दिवशी. प्रतिद्रव्याचं इंजेक्शन लागतच नाही. आणि त्याचं महत्त्व ज्याने ते बोटात घेतलंय त्याला विचारा. लस न घेतलेल्याला रक्त येणारा चावा बसला तर घोड्यापासून बनवलेलं प्रतिद्रव्य किलोमागे ४० युनिट द्यायचं असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २,४०० युनिट. मिलिलिटरला ३०० युनिट या हिशोबाने ते ८ मिलिलिटर होतं. शक्य तितकं सगळं जखमेत आणि जखमेभोवती भरायचं. बोटाच्या टोकात जागा असते जेमतेम अर्ध्या मिलिलिटरची. जास्त रेटलं तर रक्तपुरवठा थांबतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन किलोमागे ३.३३ युनिट इतकंच लागतं, ते बोटासाठी सोयीचं. पण मिळेल तिथे. हे द्रव्य पहिल्या दिवशी राहून गेलं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर नाही.

लस न घेतलेल्यासाठी चावल्यानंतर सरकारी रुग्णालयांत कातडीतली पद्धत चालते: ०, ३, ७ आणि २८, दर वेळी दोन्ही दंडांत ०.१ मिलिलिटर. स्नायूतली पाच डोसांची: ०, ३, ७, १४, २८. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर स्नायूतल्या पद्धतीत १४ व्या दिवसाचा डोस गाळून २८ व्या दिवसाचा घेतात. म्हणजे त्या माणसाचा आधीच्या लसीचा कोर्स आपोआप पुरा होतो. कातडीतल्या पद्धतीत काही गाळत नाहीत. कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड दाखवलं म्हणून सुरुवात लांबवायची नसते. सतत धोक्यात काम करणाऱ्यांनी दर दोन वर्षांनी रक्तातलं प्रतिद्रव्य मोजून घ्यावं, ०.५ युनिट प्रति मिलिलिटरच्या खाली आलं तर एक बूस्टर. फ्रिजमध्ये हाताशी असलेली जनावरांची लस स्वतःला टोचून घेणारे महाभाग आहेत. ती माणसांसाठी नाही, तिच्यातले पूरक घटक वेगळे असतात, आणि पुढे कुठल्याही डॉक्टरला तो डोस धरता येत नाही.

वही

एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोणाला, शरीराच्या कुठल्या भागाला, कुठलं काम चालू होतं, तोंड बांधलं होतं का, धुतलं किती मिनिटं, लस कुठे घेतली. ‘कुठलं काम चालू होतं’ हा रकाना सहा महिन्यांनी वाचला तर दवाखान्याची दुखरी जागा सापडते, बऱ्याचदा ती एकच टेबल आणि एकच वेळ असते, ओपीडी संपत आल्याची. चावलेल्या प्राण्याच्या केसपेपरवर लाल शेरा मारा, पुढच्या खेपेला दारातच कळावं म्हणून. मालकांना तो अपमान वाटतो. त्यांना सांगा, शेरा कुत्र्याच्या भीतीबद्दल आहे, त्याच्या चारित्र्याबद्दल नाही.

दहा दिवसांचं निरीक्षण कुत्रा आणि मांजर यांनाच लागू, गाय-म्हैस किंवा माकडाला नाही. मालकाचा फोन नंबर घेऊन पाचव्या आणि दहाव्या दिवशी फोन करायचं काम एका माणसाला नेमून द्या, नाहीतर कुणीच करत नाही. मधेच प्राणी मेला तर त्याला पुरायची घाई करू देऊ नका. लसीचे डोस एकही न गाळता चालू राहतात, आणि मेंदूचा नमुना तपासणीला पाठवायचा असतो. पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या रोगनिदान प्रयोगशाळेला किंवा पशुवैद्यक महाविद्यालयाला आधी फोन करून विचारा. नमुना बर्फात पाठवायचा, फॉर्मेलिनमध्ये बुडवायचा नाही. डोकं वेगळं करणाऱ्याची स्वतःची लस पूर्ण झालेली असली पाहिजे, दुहेरी हातमोजे, चष्मा आणि मास्क हवा. करवतीने तुषार उडतात, म्हणून हाडाची करवत चालवण्यापेक्षा कवटीच्या मागच्या छिद्रातून जाड स्ट्रॉने नमुना घेणं बरं. दोन प्लास्टिक पिशव्या, त्यावर बर्फाचा डबा, आणि डब्यावर ठळक अक्षरात ‘रेबीज संशयित’.